मास्तरांनी नेमके काय सोडले? अमळनेर ते धुळे तुरुंग, १९२४ ते १९३३

गेले काही आठवडे या धाग्यांखाली एकच मागणी पुन्हा पुन्हा येते आहे : चिमठाण्यावर लिहा. मागणी रास्त आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना चिमठाण्याजवळ अडवला गेला आणि साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम क्रांतिकारकांच्या हाती पडली. साताऱ्याच्या प्रतिसरकारातील कार्यकर्ते इतक्या लांबून खानदेशात आले होते, आणि आपले डॉ. उत्तमराव पाटील त्यांच्याबरोबर होते. त्या प्रसंगाची टिपणे काढून झाली आहेत, धागा होईल. आज मात्र मी त्याच्या आधीच्या एका गोष्टीवर थांबणार आहे. तीत बंदूक नाही, पाठलाग नाही, खजिना तर नाहीच. एका शिक्षकाने नोकरी सोडली, एवढीच ती गोष्ट आहे.

टिपणे काढताना एक अडचण सारखी समोर येत होती. स्वातंत्र्यसैनिकांच्या त्यागाबद्दल आपण बोलतो, तेव्हा हाताशी असलेले मोजमाप बहुतेक वेळा सरकारने पुरवलेले असते. किती महिने सक्तमजुरी, किती रुपये दंड, कोणता तुरुंग. हे आकडे मिळतात, कारण ते लिहून ठेवणे ही राज्यकर्त्यांची गरज होती. शिक्षा झालेल्या माणसाच्या घरी त्या दिवसापासून काय थांबले, हे लिहून ठेवण्याची गरज कुणालाही नव्हती. त्यामुळे पंधरा ऑगस्टच्या भाषणांत ‘अमुक वर्षे कारावास भोगला’ हे वाक्य येते आणि आपण त्यालाच त्याग समजून पुढे जातो. साने गुरुजींच्या बाबतीत हे मोजमाप सपशेल चुकते, असे माझे मत आहे. ते का, हे या धाग्यात मांडते.

गुरुजींचे नाव काढले की आपल्या डोळ्यांसमोर श्याम येतो, त्याची आई येते, आणि फार तर १९५३ साली अत्र्यांनी काढलेला चित्रपट, ज्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. या प्रतिमेने मोठे नुकसान केले आहे. रडवणारा लेखक ही ओळख इतकी घट्ट झाली, की अनेक तुरुंगवाऱ्या केलेला राजकीय कैदी, शेतकऱ्यांच्या सारामाफीसाठी स्वपक्षाच्या सरकारलाही न जुमानणारा कार्यकर्ता आणि गिरणी कामगारांत उभा राहणारा संघटक हे सगळे त्या प्रतिमेमागे दडून गेले. शिवाय ते कोकणातले, पालगडचे, हे सर्वांना ठाऊक असते. त्यांच्या सार्वजनिक आयुष्याची घडण मात्र तापीखोऱ्यात झाली, हे आपल्या खानदेशातल्याही कित्येकांच्या लक्षात नसते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९चा. घराणे एकेकाळचे खोतांचे, पण घर खचत गेलेले. शिक्षणासाठी दापोली, मग गरीब विद्यार्थ्यांची काही सोय होईल या आशेने औंध संस्थान, तिथून पुणे. अर्धपोटी राहून शिकलेला हा मुलगा. १९१७ साली आई गेली, तेव्हा तो अजून शाळेतच होता. पुण्यात बी. ए. झाल्यावर तो अमळनेरला आला, तो तिथल्या तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यास करण्यासाठी. एम. ए.ही झाला. श्रीमंत प्रताप शेठजींनी १९१६मध्ये स्थापलेली ही संस्था आजही उभी आहे. कापसाच्या व्यापारावर वाढलेल्या, सुरत-भुसावळ लोहमार्गावरच्या एका गिरणीच्या गावात वेदान्तावर संशोधन करणारी संस्था निघावी, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. तिच्यावर स्वतंत्र धागा करता येईल.

तिथून १९२४ साली साने खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक झाले. हीच आजची प्रताप हायस्कूल.

इथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. १९२४ साली एम. ए. झालेला माणूस म्हणजे काय, याची कल्पना आज करणे कठीण आहे. ज्या घराने सावकारी, जप्ती, उपासमार पाहिली, त्या घरातल्या मुलाला महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार मिळू लागला. मी स्वतः इतिहासात एम. ए. करते आहे, आणि घरचा प्रत्येक फोन बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरला का, इथे येऊन थांबतो. त्यांना दोष देता येत नाही. कोरडवाहू शेतीच्या घरात ‘पर्मनंट’ या शब्दाला काय वजन असते, ते तिथे वाढलेल्यालाच कळते. शंभर वर्षांपूर्वी ते वजन कमी असेल, असे मानायला काही आधार नाही.

गुरुजींना मात्र त्या पगारापेक्षा वेगळेच काही सापडले होते. शाळेबरोबर त्यांच्याकडे छात्रालय आले. तिथल्या त्यांच्या वागण्याच्या आठवणी त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे वारंवार सांगितल्या : मुले बाहेर गेली की खोल्या झाडून ठेवायच्या, मळके कपडे धुऊन टाकायचे, आजारी मुलाच्या उशाशी बसायचे. पगारातला बराचसा भाग मुलांवरच खर्च व्हायचा. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक हाताने लिहून काढीत. सकाळी मुले उठत, तेव्हा त्या दिवसाचा अंक भिंतीवर असे. पुढे ‘विद्यार्थी’ हे मासिक त्यांनी सुरू केले. ज्यांनी कधी महाविद्यालयाचे भित्तिपत्रक चालवले आहे, त्यांनाच रोज एक अंक काढणे म्हणजे काय ते समजेल. आम्ही आमचे पाक्षिक ठरवून काढले आणि तीन अंकांत थकलो.

त्यांनी लग्न केले नाही. आई नव्हती. भावंडे होती, पण दूर. अमळनेरच्या त्या छात्रालयातली मुले हेच त्यांचे घर झाले होते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

आणि १९३० साली, तिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी ते घर सोडले.

मार्च-एप्रिलमध्ये दांडीयात्रा झाली. मिठाचा कायदा मोडण्याची लाट देशभर पसरली. समुद्र नसलेल्या खानदेशात चळवळ पसरली ती सभांतून, मिरवणुकांतून, परदेशी मालाच्या बहिष्कारातून. शाळेत राहून सत्याग्रह करता येणार नव्हता. संस्थेचे अनुदान, मान्यता, इतर शिक्षकांची पोटे, हे सारे एका शिक्षकाच्या भाषणाने संकटात आले असते. गुरुजींनी शाळेचा राजीनामा दिला आणि ते गावोगाव बोलत सुटले. लवकरच अटक झाली. पंधरा महिन्यांची शिक्षा. आधी धुळे तुरुंग, मग थेट मद्रास इलाख्यातील त्रिचनापल्ली.

आता सरकारी मोजमाप लावून पाहू. पंधरा महिने म्हणजे भारी शिक्षा नव्हे. त्यातही मार्च १९३१मध्ये गांधी-आयर्विन करार झाल्यावर सुटका झाली. त्रिचनापल्लीत दक्षिणेतले कैदी भेटले, निरनिराळ्या भाषा कानांवर पडल्या. गुरुजी तिथे तमिळ शिकले, ‘तिरुक्कुरळ’चे मराठी रूपांतर त्यांच्या हातून झाले. पुढे आयुष्यभर त्यांनी जी आंतरभारतीची कल्पना उराशी बाळगली, तिची मुळे या तुरुंगात आहेत. हिशेब मांडायचा तर या तुरुंगवासात त्यांच्या जमेच्या बाजूला बरेच काही आले.

१९३२चा हिशेब तर आणखी चकवणारा आहे. जानेवारीत गुरुजींना पुन्हा अटक झाली. या वेळी दोन वर्षांची शिक्षा, पुन्हा धुळे. त्याच वेळी विनोबा भावे त्या तुरुंगात होते. जमनालाल बजाज होते. खानदेशातले, महाराष्ट्रातले शेकडो सत्याग्रही होते. विनोबांनी दर रविवारी कैद्यांसमोर गीतेच्या एकेका अध्यायावर बोलावे असे ठरले. पहिले प्रवचन २१ फेब्रुवारी १९३२, शेवटचे १९ जून १९३२. जुने कॅलेंडर काढून पाहा : दोन्ही तारखांना रविवार आहे, आणि त्या दोन रविवारांसह मधले सगळे रविवार मोजले तर बरोबर अठरा भरतात. एकही रविवार चुकला नाही. बाहेर लाठीमार चालू होता, दंडाच्या वसुलीसाठी घरे जप्त होत होती, आणि पांझराकाठच्या त्या दगडी भिंतींच्या आत अठरा आठवडे एक वर्ग नियमाने भरत होता.

ती प्रवचने आज आपल्यापुढे आहेत, ती गुरुजींनी बसून लिहून घेतली म्हणून. लघुलिपी नव्हती, साध्या लेखनाने. बोलणाऱ्याच्या वेगाशी हात जुळवत माणूस लिहितो, तेव्हा त्याला बोलणाऱ्याची लय अंगात भिनवून घ्यावी लागते. ‘गीता प्रवचने’ या पुस्तकाची पुढे भारतातल्या जवळजवळ सर्व प्रमुख भाषांत भाषांतरे झाली. मुखपृष्ठावर विनोबांचे नाव असते आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्या पुस्तकाच्या पानापानांतून एका शिक्षकाची वही दिसते. मुलांसाठी रोज हाताने दैनिक लिहिलेला तो हात होता. वेगाने, स्वच्छ, न थकता लिहिण्याची सवय त्याला अमळनेरने लावली होती. (हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. परीक्षेत लिहू नका.)

या प्रवचनांच्या श्रोत्यांकडे इतिहासकारांचे लक्ष कमी गेले आहे. १९२९ साली लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास यांचा उपोषणात मृत्यू झाला. त्यानंतर सरकारने कैद्यांचे ‘अ’, ‘ब’, ‘क’ असे वर्ग पाडले. वर्ग ठरत असे तो प्रामुख्याने बाहेरच्या ऐपतीवरून, शिक्षणावरून, राहणीमानावरून. म्हणजे वकिलाला, जमीनदाराला एक वागणूक आणि त्याच्याच शेजारी उभे राहून तीच घोषणा दिलेल्या सालदाराला दुसरी. ‘क’ वर्गातल्या माणसाला भाकरी निकृष्ट, काम जास्त, पत्रे कमी. आणि त्याच्या घरी कमावणारा दुसरा कुणी नाही. फेब्रुवारी ते जून हा काळ खानदेशच्या शेतकऱ्यासाठी काय असतो ते पाहा : हरभरा-गहू काढायचा, मग उन्हात नांगरटी, वखरणी, बियाण्याची जुळवाजुळव. शेवटचे प्रवचन १९ जूनला संपले, तेव्हा बाहेर पेरण्यांची वेळ झाली होती. तुरुंगात निष्काम कर्म ऐकत बसलेल्या त्या कुणब्याच्या मनात त्या रविवारी आपल्या शेताचा विचार आला नसेल, हे मला पटत नाही. त्याचे नाव कोणत्या पुस्तकावर नाही. त्याच्या त्या वर्षीच्या पिकाचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

धुळ्याहून गुरुजींना नाशिकच्या तुरुंगात हलवले. तिथे ९ फेब्रुवारी १९३३, गुरुवारी त्यांनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतली आणि १३ तारखेला, सोमवारी पहाटे संपवली. पाच दिवस! दिवसा कैद्याला नेमून दिलेले काम, आणि उरलेल्या वेळात हे लेखन. आई जाऊन तेव्हा सोळा वर्षे होत आली होती.

तर मग हिशेब काय झाला? तुरुंगाने त्यांना तमिळ दिली, विनोबांचा सहवास दिला, मराठीतल्या सर्वांत वाचल्या गेलेल्या पुस्तकांपैकी एकासाठी लागणारा एकांत दिला. कारावासाची वर्षे मोजून त्याग ठरवायचा, तर आपण गुरुजींच्या आयुष्यातला कदाचित सर्वांत सुफळ काळ ‘त्याग’ म्हणून नोंदवतो. खरी किंमत तुरुंगाच्या दाराशी दिलेलीच नव्हती. ती त्याआधी, शाळेच्या दाराशी दिली गेली. सुटून आल्यावर ते पुन्हा त्या शाळेत शिक्षक म्हणून कधीही गेले नाहीत. पगार गेला हे तर झालेच; पण ज्या कामासाठी आपला जन्म आहे असे त्यांना वाटत होते, ते काम एकदा सुटले ते सुटलेच. पुढे आयुष्यभर सारा महाराष्ट्र त्यांना ‘गुरुजी’ म्हणत राहिला. प्रत्यक्ष वर्गात त्यांनी काढलेली वर्षे मात्र अवघी सहा, १९२४ ते १९३०.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो मी स्वतःच घेऊन पाहिला. शाळा सोडली म्हणून तर ते मोठे झाले; नाहीतर अमळनेरचे एक चांगले शिक्षक एवढेच राहिले असते. आक्षेपात तथ्य आहे, पण त्यात काळाची गल्लत आहे. १९३०मध्ये राजीनामा देणाऱ्या माणसाला ‘श्यामची आई’ माहीत नव्हती. स्वराज्य सतरा वर्षांनी मिळणार की सत्तर, हे माहीत नव्हते. त्याच्यासमोर एका बाजूला छात्रालयातली मुले होती आणि दुसऱ्या बाजूला काहीच निश्चित नव्हते. शेवट ठाऊक असलेल्या वाचकाने आरंभी उभ्या असलेल्या माणसाला शहाणपण शिकवू नये, असे आमचे एक प्राध्यापक नेहमी बजावतात. ते इथे लागू पडते.

पुढची वर्षे मी थोडक्यात सांगते. २७ आणि २८ डिसेंबर १९३६ला फैजपूरला राष्ट्रसभेचे पन्नासावे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिलेच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, सजावट नंदलाल बोस यांची, तयारीत खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी अग्रभागी. त्यांच्या नावाचे महाविद्यालय आज फैजपुरात आहे. त्या अधिवेशनासाठी गुरुजी पूर्व खानदेशात खेडोपाडी फिरले. १९३८मध्ये त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक काढले. मुंबई प्रांतात तेव्हा काँग्रेसचेच मंत्रिमंडळ होते. अतिवृष्टीने पीक बुडालेल्या शेतकऱ्यांची सारामाफी मागताना गुरुजींना आपल्याच पक्षातल्या वडीलधाऱ्यांची नाराजी पत्करावी लागली. अमळनेरच्या गिरणी कामगारांची बाजूही त्यांनी घेतली. आणि अमळनेरची गिरणी म्हणजे प्रताप मिल. ज्या शेठजींच्या तत्त्वज्ञान मंदिराने त्यांना या गावात आणले, त्यांचीच. शिष्यवृत्ती देणाऱ्याच्या कारखान्यासमोर कामगारांच्या बाजूने उभे राहणे किती जड जात असेल, हे छोट्या गावात राहिलेल्यांना सांगायला नको. नोकरी एकदा सोडता येते. ओळखीपाळखी, उपकार, गावातला स्नेह या गोष्टी मात्र पुन्हा पुन्हा सोडाव्या लागतात, आणि त्यांची नोंद कुणी करत नाही.

१९४२विषयी एक मोह टाळायला हवा. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा हे पाच जण गेले. शिरीषकुमारचे वय पंधरा. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात, म्हणजे धुळे मुख्यालयाच्या जिल्ह्यात होते. समाजमाध्यमांवर अनेकदा या मुलांचा संबंध थेट साने गुरुजींच्या शिकवणीशी जोडलेला दिसतो. तो तसा जोडू नये. ती मुले अमळनेरच्या वर्गात बसलेली नव्हती. त्यांचे गाव वेगळे होते, व्यापारी पेठेचे, गुजराती-मराठी दोन्ही बोलणारे, आणि त्यांचा निर्णय त्यांचा होता. त्यांना कुणाचे तरी शिष्य ठरवण्याने त्यांच्या वाट्याचे थोडे आपण काढून घेतो. आणि पंधरा वर्षांच्या मुलाने आयुष्य देणे व तिशीतल्या माणसाने नोकरी देणे यांची तुलना करण्यासाठी माझ्याकडे तराजू नाही. मला एवढेच दिसते, की नंदुरबारच्या चौकात स्मारक आहे आणि राजीनाम्याचे स्मारक कुठे नसते.

गुरुजी त्या काळात भूमिगत होते. १९४३मध्ये पकडले गेले, १९४५मध्ये सुटले. मे १९४७मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ला ‘साधना’ सुरू केले. ज्या देशासाठी वर्ग सोडला, तो देश स्वतंत्र झाल्यावर ते तीन वर्षेही जगले नाहीत. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. वय पन्नास. त्या निर्णयामागची कारणे दोन ओळींत सांगणारे अनेक जण भेटतील. मी सांगणार नाही, कारण मला तो अधिकार नाही.

फेब्रुवारी २०२४मध्ये अखिल भारतीय साहित्य संमेलन अमळनेरला झाले, तेव्हा मी गेले होते. संमेलनस्थळाला साने गुरुजींचे नाव दिलेले होते. कमानीखाली छायाचित्रे काढून घेणाऱ्यांची रांग होती, मीही काढले. दुपारी ऊन उतरल्यावर गावात चक्कर मारली. एका शाळेसमोर गणवेशातली दोन मुले सायकलची चेन बसवत होती. त्यांना विचारले, साने गुरुजी कुठे शिकवायचे? एकाने काळ्या हातानेच दिशा दाखवली आणि विचारले, “ताई, तुम्ही मास्तरीणबाई का?” अजून नाही, असे मी म्हटले.

चिमठाण्याचा धागा पुढच्या रविवारी. त्यानंतर सातपुड्यात जाऊ, खाज्या नाईक आणि आंबापाणीच्या लढाईकडे.